पदर खोचून अहमदाबादला

मैत्रिणींनो, आमच्या ‘ह्यां’ची जुनी येझदी पुन्हा सुरू झाली आहे. चार वर्षे ती डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत जिन्याखाली उभी होती आणि तिच्यावर मी पायपुसणी वाळत घालत असे. आता इंजिन उघडून झाले, पिस्टन बदलला, आणि लगेच फर्मान निघाले, “डिसेंबरात अहमदाबादला जायचं. कठवाड्याचं जुन्या गाड्यांचं संग्रहालय बघू. तू मागे बसायचंस.”

कठवाडा अहमदाबादच्या पूर्वेला आहे. प्राणलाल भोगीलाल या हौशी गृहस्थांनी जमवलेल्या शंभरावर जुन्या मोटारी, शिवाय मोटारसायकली आणि बग्ग्याही तिथे मांडून ठेवल्या आहेत. मला रोल्स रॉइसचे एवढे वेड नाही. पण ह्यांची गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, तेव्हापासून एकेका सुट्या भागासाठी हे चोरबाजार पालथा घालतात. अशा माणसाला ती यात्राच वाटणार.

तरी मी लगेच हो म्हटले नाही. १९८४ साली घोडबंदर रस्त्यावर माझा पदर मागच्या चाकात गेला होता. मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर दीड वर्षाचा मुलगा. वेग कमी होता म्हणून पदर फाटला आणि आम्ही तिघे मातीत पडलो, एवढ्यावर भागले. चाकाला जाळी होती, पण ती ‘बरी दिसत नाही’ म्हणून ह्यांनी काढून ठेवली होती! पुढची आठ वर्षे मी त्या गाडीवर बसले नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, मागच्या माणसाला धरायला पकड आणि पाय ठेवायला आधार हवा. तुमच्या गाडीला हे आहे का, आजच खाली जाऊन बघा.

तर ह्यांनी बेत लिहून आणला. पहाटे चारला निघायचे, पाचशेचाळीस किलोमीटर, रात्री अहमदाबाद. त्या कागदावर ऑइल, प्लग, क्लच वायर, सगळे होते. मी मात्र कुठे नव्हते. मी म्हटले, “अहो, हा बेत गाडीचा झाला. माझ्या पाठीचा कुठाय?” मग वाण्याच्या हिशेबाची वही काढली आणि आम्ही दोघे जेवणाच्या टेबलाशी बसलो.

मुक्काम सुरतेला ठरला. रविवारी पहाटे निघायचे, म्हणजे घोडबंदरला कंटेनरची रांग लागायच्या आत वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडता येतो. पहिला चहा मनोरला, मग वापी, मग नवसारी. दर दीड तासाला थांबायचेच. टू-स्ट्रोक इंजिनही तापून अडकायला नको, त्यामुळे ह्या अटीवर मात्र भांडण झाले नाही. बडोद्यापुढच्या द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे, म्हणून आणंद, नडियादचा जुना रस्ता धरायचा. जाऊन-येऊन पाच दिवस. त्यातला एक अख्खा दिवस संग्रहालयासाठी, आणि निघण्याआधी ते उघडे आहे ना, हा फोन करायचा.

तारीख मी बदलायला लावली. ह्यांच्या मनात नाताळनंतरचा आठवडा होता. पण संक्रांत जवळ आली की गुजरातेत घरोघरी पतंग चढतात, आणि रस्त्यावर आडवा आलेला मांजा दुचाकीवाल्याचा गळा कापतो. आम्ही डिसेंबरचा पहिला आठवडा धरला.

आता बायकांचे. पाणी कमी पिऊन प्रवास करायची आपली खोड सोडा. मूत्राशयाला त्रास होतो, डोकेही दुखते. पेट्रोल भरताना पंपावरचे स्वच्छतागृह बिनदिक्कत विचारा, किल्ली मागून घ्या. साडी पिशवीत, अंगावर सलवार-कमीज, ओढणी घरी. पाय दोन्हीकडे टाकूनच बसायचे. येझदीला सायलेन्सर दोन, दोन्हीकडे पोटरी भाजते, तेव्हा बूट आणि जाड कापड हवे. हेल्मेट मागच्यालाही कायद्याने लागते. ते घेताना घालून मान जोरात हलवून बघा. अंबाड्यावर ते बसतच नाही, खाली सैल वेणी घाला. मंगळसूत्र आत.

बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी. ठेपले तिथे मिळतातच, उगीच ओझे नको.

घरचे म्हणाल तर सासूबाईंच्या गोळ्या डबीत वारानुसार भरून ठेवणार, नणंद पाच दिवस येऊन राहणार. गाडीचा विमा, पीयूसी आणि पुनर्नोंदणीची तारीख हे मी स्वतः वाचून बघितले. पुनर्नोंदणी संपायला दोन महिने होते!

सासूबाईंनी एवढेच विचारले, “ह्या वयात लोक काय म्हणतील?” ह्यांनी उत्तर द्यायची मी वाट पाहिली. ते काही बोलले नाहीत. उठले, माळ्यावरून जुन्या पत्र्याच्या ट्रंकेतली ती जाळी काढून आणली आणि अंगणात घासत बसले.

मी अजून पक्के हो म्हटलेले नाही. येत्या रविवारी टिटवाळ्याच्या गणपतीला त्याच गाडीवरून जाऊन येणार. कंबर धरली नाही तर दुसऱ्या रविवारी मुरबाड. त्यानंतर सांगते.