पाच वर्षे आणि पाच हजार

तालुक्याच्या एका कचेरीत खिडकीच्या वर पाटी आहे. लाल अक्षरांत लिहिले आहे : ‘शासकीय कामात अडथळा आणणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. भा.दं.वि. कलम ३५३. शिक्षा पाच वर्षे.’ खाली उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लागली आहे. पाटीचा रंग ताजा आहे. कायदा मात्र मोडीत निघालेला आहे.

भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ रोजी गेली. पाच वर्षे तर तिच्यातही मुळात नव्हती. शिक्षा होती दोन वर्षांची. २०१८ मध्ये महाराष्ट्राने आपल्यापुरती दुरुस्ती केली, दोनाचे पाच केले आणि खटला दंडाधिकाऱ्याकडून उचलून सत्र न्यायालयात नेला. संहिता गेली तशी तिला जोडलेली दुरुस्तीही गेली. नव्या न्याय संहितेत हे कलम १३२ झाले आणि शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली. पाटी रंगवणाऱ्याला हे कोणी कळवले नसावे. कळवण्याची घाईही कोणाला दिसत नाही.

पण जुना आकडा ही किरकोळ बाब. खरी खोट पाटीच्या पहिल्या ओळीत आहे. ३५३ हे नुसत्या अडथळ्याचे कलम कधीच नव्हते. त्याला हल्ला लागतो किंवा फौजदारी बलप्रयोग लागतो. नुसत्या अडथळ्यासाठी वेगळे कलम होते, १८६. आता ते २२१ झाले आहे. त्याची कैद फार तर तीन महिने. आवाज चढवणे, जाब विचारणे, ‘साहेब कधी येणार?’ हे तिसऱ्यांदा विचारणे, यांपैकी कशातही हल्ला नाही. बेंगळुरूच्या एका दांपत्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिली, तर त्यांच्यावर ३५३ लागले होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. त्या लिखाणात हल्लाही नव्हता आणि बलप्रयोगही नव्हता.

कचेऱ्यांमध्ये मात्र या कलमाचे नाव ‘अडथळा’ असेच रुळले आहे. ‘तीनशे त्रेपन्न लावू का?’ एवढे म्हटले की खिडकीसमोरचा माणूस गप्प होतो. त्याला कलमाचे शब्द माहीत नसतात, आकडा माहीत असतो. तीन महिन्यांच्या खणातली गोष्ट पाच वर्षांच्या खणात अशी सरकते. त्यासाठी विधिमंडळ लागत नाही, एक रंगारी पुरतो.

सरकारी माणसांवर हल्ले होतात, हे खरेच आहे. रात्री वाळूचा ट्रॅक्टर अडवणाऱ्या तलाठ्यामागे कडक कलम हवेच. पण वाळूवाला दाखल्याच्या रांगेत उभा राहत नाही. पाटी त्याच्यासाठी लावलेली नाही. ती चौथ्यांदा हेलपाटा घालणाऱ्या शेतमजुरासाठी आहे.

याच कचेरीत दुसराही एक फलक आहे. तो राज्याच्याच कायद्याने लावायला लावलेला आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे प्रत्येक कार्यालयाने सेवांची यादी भिंतीवर लावायची असते. कोणती सेवा, किती दिवसांत, शुल्क किती, जबाबदारी कोणाची, अपील कोणाकडे, हे सगळे त्यात असावे लागते. फलक आहे, नियमाला धरून आहे. त्याच्यापुढे एक लोखंडी कपाट उभे आहे. कपाटाच्या वरून ‘आपली सेवा, आमचे कर्तव्य’ एवढे वाचता येते. दिवसांचा रकाना कपाटामागे गेला आहे.

ही मुदत वाजवी कारणाशिवाय चुकवली तर अधिकाऱ्याला दंड होतो : किमान पाचशे रुपये, कमाल पाच हजार. तोही अर्जदाराने अपिलाचा जिना चढायला घेतला तर. इथे दखलपात्र की अदखलपात्र हा प्रश्नच येत नाही, कारण कायद्याच्या लेखी हा गुन्हाच नाही. आणि अधिकाऱ्याने एखाद्याला इजा पोहोचावी म्हणूनच जाणूनबुजून कायदा मोडला तर? तेव्हा गुन्हा होतो, न्याय संहितेचे कलम १९८. शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद. वर्ग : अदखलपात्र, जामीनपात्र. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपासालाही हात लावायचा नाही.

कृत्य किती गंभीर, त्यावर गुन्ह्याचा वर्ग ठरतो, असे कायद्याच्या वर्गात शिकवतात. खिडकीपाशी वेगळेच शिकायला मिळते. बाहेरच्याने आत हात उगारला तर पोलीस थेट अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. आतल्याने हेतुपुरस्सर बाहेरच्याचे नुकसान केले तर पोलीस हात बांधून बसतात आणि जामीन हक्काचा असतो. राज्याला दुरुस्ती सुचली तीही याच बाजूने, दोनाचे पाच करण्याची. दुसऱ्या बाजूचे पाच हजार २०१५ साली ठरले.

नव्या संहितेने दोन वर्षे केली, तरी पाटी पाचच म्हणते. ती उद्या दुरुस्त होईलही. ‘३५३’ खोडून ‘१३२’ लिहिले जाईल, ‘पाच’च्या जागी ‘दोन’ येईल, आणि ‘अडथळा’ हा शब्द तसाच राहील.

कपाट सरकवायला मात्र कोणतीही दुरुस्ती लागत नाही. दोन शिपाई लागतात.