ओझं तेच, मग कायदा वेगळा का?



रुईची गासडी गिरणीच्या दारात उतरते ती कुणाच्या तरी पाठीवरून. कापडाचे तागे बाजारात पोचतात तेही कुणाच्या तरी डोक्यावरून. साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराने लढून हजेरीपट मिळवला, फंड मिळवला, भरपगारी रजा मिळवली. दाराबाहेर ओझं वाहणाऱ्याच्या वाट्याला काय होतं? मुकादमाची मर्जी! काम आहे तर आहे, नाही तर चालता हो.

ही मर्जी मोडायला महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे तो झाला. मराठी माणसाचं राज्य १ मे १९६० ला आलं. त्या राज्याने डोक्यावर ओझं वाहणाऱ्याला कामगार म्हणून मान द्यायला आणखी नऊ वर्षं घेतली. कायद्याची रचना साधी आहे. मालक आणि कामगार यांचे समसमान प्रतिनिधी व सरकारची माणसं मिळून मंडळ बनतं. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मजुरी मंडळातून कामगाराच्या हाती पडते आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवापाणी यांची सोय होते. मुकादमाचा हात मधून निघाला!

पण कायदा झाला की पळवाट शोधणारेही आलेच. त्यांचं पालुपद एकच : “हा कायदा आमच्या धंद्याला लागू नाही.” त्यांच्या तीन सबबी आम्ही इथे तपासतो.

पहिली सबब : “आमचा कारखाना आहे, बाजार नव्हे.” कायद्याला अनुसूची जोडलेली आहे आणि लागू होण्याची कसोटी ती अनुसूची आहे. दारावर काय पाटी लावली, ही कसोटी नव्हे. लोखंड बाजार, कापड व कापूस बाजार, किराणा बाजार, रेल्वेचे मालधक्के यांतली चढउताराची, थप्पी लावण्याची, वजन करण्याची कामं तिच्यात आहेत. धान्यापासून माल बनवणारे कारखानेही आहेत. म्हणजे कारखाना म्हटलं की सुटका, असं नाही. एखादा धंदा यादीत नसेल, तर त्याची भर घालण्याचा अधिकार सरकारला आहे. तो वापरायला लावणं हे आपलं काम.

दुसरी सबब : “ही माणसं आमची नाहीत, ठेकेदाराची आहेत.” कायदा सांगतो, ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगाराचा मालक म्हणजे मूळ मालकच. माल तुमचा, गोदाम तुमचं, नफा तुमचा आणि माणूस तेवढा परका?

तिसरी सबब सर्वांत हुशारीची : “आमच्या हमालांना दुसऱ्या कायद्यांचं संरक्षण आहे, मग ते असंरक्षित कसे?” हा वाद कोर्टाची पायरी अनेकदा चढलेला आहे. आमचं म्हणणं असं : कायद्याच्या व्याख्येत असंरक्षित कामगार म्हणजे अनुसूचीतल्या कामावर लागलेला किंवा लागणारा श्रमजीवी कामगार. शिवाय ज्यांना एकंदरीने तितकेच चांगले फायदे मिळतात, त्यांना सूट देण्याची वाट कलम २२ ने ठेवलीच आहे. फायदे मिळाले की माणूस आपोआप कायद्याबाहेर जात असता, तर या कलमाची गरजच काय होती? ज्या मालकाला आपल्या पगारपत्रकाचा अभिमान आहे त्याने ते उघड मांडावं, सल्लागार समितीपुढे तपासून घ्यावं आणि सूट मागावी. स्वतःच स्वतःला सूट देऊ नये!

एक गोष्ट आम्ही लपवणार नाही. माथाडीच्या नावाखाली दमदाटी करून पैसे उकळणारे आहेत. काम न करता वाराई मागणारा माथाडी नव्हे, तो माथाड्याचा वैरी. त्याला पोलिसांच्या हवाली करा. पण चोर सोडून संन्याशाला फाशी नको. २०२३ साली दुरुस्तीचं विधेयक क्रमांक ३४ आलं, तेव्हा माथाडी संघटनांनी विरोध केला तो याच भीतीपोटी, की तण काढता काढता पीकच उपटलं जाईल.

कुणी म्हणेल, हमालाचं दुखणं गिरणी कामगाराने का वाहावं? १९८२ चा संप आठवा. त्यानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि साच्यावरच्या माणसांना मिळेल ते अंगमेहनतीचं काम धरावं लागलं. दाराच्या आतला आणि बाहेरचा यांच्यातली भिंत किती पातळ असते, ते तेव्हा दिसलं. आज इचलकरंजी, भिवंडी, मालेगावला माग चालवणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावं.

म्हणून आमचं सांगणं : आपल्या गिरणीत, गोदामात ओझं वाहणाऱ्याला विचारा, तुझी मंडळात नोंद आहे का? नसेल तर त्याच्याबरोबर जा. लागू की नाही असा वाद निघाला तर कलम ५ खाली तो सरकारकडे जातो आणि सल्लागार समितीला विचारूनच त्याचा निकाल द्यावा लागतो. मालक म्हणतो म्हणून कायदा लागू नाही, हे यापुढे ऐकून घेऊ नका. गासडीचं वजन धंदा पाहून कमी होत नाही; मग हक्काचंच का व्हावं?