शिबिरानंतर रुग्ण कोणाचा?

गणपतीला गावी येणाऱ्या परदेशस्थ डॉक्टरांनी पेण-रोह्याच्या रुग्णांना शिबिरात दिलेले चार दिवस आम्ही मोलाचे मानतो. मात्र ही सेवा उपजिल्हा रुग्णालयांशी जोडलीच पाहिजे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते, थेंब आठवडे घालावे लागतात. मधुमेहीची जखम तर महिनोन्‌महिने पाहावी लागते. डॉक्टर विमानात बसले की वाडीवरच्या म्हातारीने कोणाकडे जायचे? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनला गेले आणि १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राबले. तेवढे कोणाकडे मागता येत नाही.

पण केसपेपरची प्रत रुग्णालयात राहावी, पुढच्या तपासणीची तारीख आणि जबाबदार वैद्यकीय अधिकाऱ्याचे नाव रुग्णाला लिहून मिळावे. एवढी हमी नसेल, तर जिल्हा आरोग्य यंत्रणेने शिबिराला परवानगी देऊ नये.