वाघ दिसलाच पाहिजे का?

शाळांना सुट्टी लागली की जबलपूरच्या घराघरांतून मुलांची एकच मागणी सुरू होते, वाघ पाहायला चला. कान्हा, बांधवगड हाताशी असले, तरी जिप्सीचे भाडे आणि बरेच आधी करावे लागणारे आरक्षण मध्यमवर्गीय कुटुंबाला झेपतेच असे नाही. मग रीव्याजवळच्या मुकुंदपूरचे नाव निघते. कटनी, मैहरमार्गे सुमारे २०० किलोमीटर. वाटेत आजीचे शारदामातेचे दर्शनही होते, त्यामुळे तिचीही हरकत नसते.

पांढऱ्या वाघांची ही सफारी एप्रिल २०१६मध्ये सुरू झाली. सुमारे १०० हेक्टरच्या परिसरातील २५ हेक्टर सफारीसाठी राखलेले आहेत. आत झाडी, उंच गवत, पाणवठे. वाघ मोकळे, आणि माणसे बंद बसमध्ये.

पण खरी पंचाईत इथेच होते. बस फिरते, मुले खिडक्यांना चिकटतात आणि वाघ मात्र दिसत नाही. "एवढ्या लांबून आलो, पैसे फुकट गेले," असा सूर लागतो. कुणी शिट्टी मारतो, कुणी काच बडवतो. आठ वर्षांचा मुलगा रडवेला होऊन आईला विचारतो, "आई, वाघ लपून का बसलाय?"

या प्रश्नाचे उत्तर आईवडिलांनी घरूनच तयार करून न्यावे. वाघ दिवसातील बराच वेळ झोपून किंवा सावलीत पडून काढतो, उन्हाळ्यात तर अधिकच. जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यात तो हमखास दिसतो, कारण त्याला जायला जागाच नसते. गजांमागे त्याच त्या येरझारा घालणाऱ्या वाघाकडे बोट दाखवून 'बघ, कसा चालतोय' असे आपण मुलांना सांगतो. वास्तविक ती चाल कोंडलेपणाची असते. गवतात दडी मारणे हा वाघाचा स्वभाव आहे आणि तो स्वभाव पाळता यावा म्हणूनच एवढी जागा दिलेली असते.

"मग पांढरा वाघ जंगलात का नाही?" हा पुढचा प्रश्नही येतोच. इथे आजोबांनी सूत्रे हाती घ्यावीत. मे १९५१मध्ये रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी सीधीच्या जंगलात एक पांढरा बच्चा पकडला. त्याचे नाव मोहन. साध्या वाघिणीपासून त्याला झालेली सगळी पिल्ले पिवळीच निघाली. पांढरा रंग ही वेगळी जात नव्हे. आई व बाप दोघांकडूनही तो गुण यावा लागतो. मग मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधेशी, लावण्यात आली आणि १९५८मध्ये चार पांढरी पिल्ले जन्मली. जगभरातील प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक पांढरे वाघ याच घराण्यातले. मात्र अनेक पांढऱ्या वाघांत तिरळेपणा आढळतो, आणि नात्यातल्या नात्यात पैदास केल्याने इतर दोषही वाढले. लोकांना पांढराच वाघ पाहायचा होता, त्याची किंमत वाघांनी मोजली. मुलांना हे सांगायला संकोच वाटू नये, ती मोठ्यांपेक्षा लवकर समजतात.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. प्राणिसंग्रहालये नियमाप्रमाणे आठवड्यातून एक दिवस बंद असतात, तेव्हा चौकशी करूनच गाडी काढावी. शक्यतो सकाळची वेळ गाठावी. दुर्बीण असेल तर उत्तम. वाघ नाहीच दिसला तर इतर प्राण्यांच्या कुंपणांपाशी रेंगाळावे. एकाच प्राण्याजवळ पंधरा मिनिटे थांबले तर धावतपळत सगळे पाहण्यापेक्षा मुलांना जास्त सापडते.

सवड असेल तर जवळच गोविंदगड आहे. तिथल्या राजवाड्यात मोहनला ठेवले होते. पकडल्यापासून १९६९मध्ये मरेपर्यंत, म्हणजे १८ वर्षे, तो बंदिवासात होता.