दुकान पाडण्याआधी

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्याकडे जेवताना एक विषय निघाला आणि आमटी निवली तरी संपेना. विषय होता महाडच्या पेठेतल्या आमच्या जुन्या दुकानाचा. मुंबईचे भावजी म्हणाले, "वहिनी, २२ जुलै २०२१ च्या पुरानं भिंती पोखरल्यात. पाडू या. खाली गाळे, वर राहायच्या खोल्या." आमचे 'हे' गप्प. सासूबाई ताट सारून उठल्या.

खरं सांगू? मला भावजींचं पटत होतं. दर वर्षी कौलं चाळायची, वाळवीशी झुंजायचं, पूर ओसरला की गाळ काढायचा. खराटा शेवटी कुणाच्या हाती येतो, ते तुम्हांला माहीतच आहे!

रात्री सासूबाईंच्या पायांना तेल लावताना विषय काढला. मग त्या बोलत्या झाल्या. दुकानाच्या दर्शनी फळ्यांवर आकडे कोरलेले आहेत; क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नाही. माळा एवढा दणकट का? तर सावित्रीचं पाणी पेठेत शिरलं की धान्याची पोती वर चढवायला. माल तेव्हा बाणकोटच्या खाडीतून गलबतानं येई.

"आणि ती पायरी," त्या हळूच म्हणाल्या, "काही गिऱ्हाइकांना तिच्यावर चढू देत नसत. खाली उभं राहायचं, तांदूळ वरून पदरात टाकायचे. माझ्या सासूबाईंनी सांगितलेलं."

मी चरकले. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आमच्याच गावच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे मी वर्गात शिकवते. पण त्या धड्यातली एक पायरी आपल्याच घरची आहे, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळावं?

पुढच्याच आठवड्यात नणंदेकडे पुण्याला जाणं झालं. वन्सं भाजीला मंडईत घेऊन गेल्या. ती दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा आणि चहूबाजूंनी भाजीचे गाळे तुम्हीही पाहिले असतील. १८८६ साली ती उभी राहिली, तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं 'रे मार्केट' म्हणत. जोतीराव फुले त्या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. एवढा खर्च इमारतीवर करण्यापेक्षा शिक्षणावर करा, असं म्हणून त्यांनी विरोध केला होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला 'महात्मा फुले मंडई' नाव मिळालं! मुंबईच्या १८६९ च्या क्रॉफर्ड मार्केटलाही आज त्यांचंच नाव आहे.

कोथिंबिरीची जुडी हातात धरून मी विचार करीत राहिले. जोतीरावांचा प्रश्न आजही खरा आहे. मुलांच्या फीचे पैसे जुन्या भिंतींत घालायचे का? पण पुण्याची मंडई टिकली ती नुसती शोभेची म्हणून नव्हे. तिथं अजून रोज भाजी विकली जाते. शिवाय ती वारसा यादीत आहे, परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. आमचं दुकान कुठल्याच यादीत नाही. त्याची यादी आपणच करायची.

म्हणून घरी आल्यावर मी भावजींना एवढंच म्हटलं, "आधी इंजिनियरला दाखवू. खांब, माळा चांगले निघाले तर दर्शनी भाग ठेवून मागं बांधू. नाहीच जमलं तर पाडू. पण नोंद केल्याशिवाय नाही." भावजी म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो." हेही नसे थोडके!

तुमच्याही घरी असा प्रश्न असेल तर एवढं करा. चारी बाजूंनी आणि आतून फोटो काढा. टेप धरून खोल्यांची मापं वहीत लिहा. नगरपालिकेतल्या घरपट्टीच्या जुन्या नोंदी आणि सिटी सर्व्हेचा उतारा काढून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं मोबाइलवर उतरवून घ्या. आज विचारू, उद्या विचारू करू नका. जुन्या चोपड्या भिजल्या असतील तर उन्हात टाकू नका, कागद आखडतो आणि शाई उडते. सावलीत, वाऱ्यावर, पानांमध्ये टिपकागद घालून वाळवा आणि टिपकागद बदलत राहा.

आणि नोंद करताना फक्त गादीवर कोण बसत होतं तेवढंच लिहू नका. पायरीखाली कोण उभं राहत होतं, तेही लिहा. आमच्या वहीचं पहिलं पान मी त्या पायरीचंच केलंय. सासूबाईंनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बरं केलंस."