पपायरस नेलात, आता निदान फेलोशिप तरी द्या!

पोस्ट थोडी लांब आहे. पण आधी पूर्ण वाचा, मग भांडा.

केंब्रिजचं ख्राइस्ट्स कॉलेज आणि ऑक्सफर्डचं युनिव्हर्सिटी कॉलेज इथे 'लेडी वॉलिस बज' नावाची फेलोशिप आहे. विषय प्राचीन इजिप्त. करिअरच्या सुरुवातीला असलेल्या तरुण संशोधकाला काही वर्षं पोटाची चिंता न करता काम करता येतं. या विषयात अशा जागा मुळातच कमी.

पैसा कुणाचा? ब्रिटिश म्युझियमचे एकेकाळचे अधिकारी सर वॉलिस बज यांचा. १९३४ साली ते वारले, मृत्युपत्रात बायकोच्या नावाने निधी ठेवून गेले. आता हे बज कोण? १८८८ मध्ये लक्झरला पोलिसांनी सील ठोकलेल्या घरातला माल, शेजारच्या हॉटेलच्या बागेतून भिंतीखाली भगदाड पाडून बाहेर काढणारे गृहस्थ! 'अनीचा पपायरस' नावाची सुमारे ७८ फुटांची गुंडाळी त्यांनीच लंडनला नेली. पुढे तिचे ३७ तुकडे केले. हा आरोप माझा नाही. भगदाडाची गोष्ट त्यांनी स्वतःच १९२० च्या पुस्तकात मिटक्या मारत सांगितलीय.

माझं म्हणणं साधं आहे. ही फेलोशिप एकाआड एक वेळा इजिप्तच्या संशोधकासाठी राखून ठेवा.

आता कुणीतरी म्हणणारच, "मग मेरिटचं काय?" आपल्याकडेही हा प्रश्न रोज ऐकतो, म्हणून उत्तर देतो. इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख १८५८ पासून १९५२ पर्यंत फ्रेंच माणूसच असायचा. देश त्यांचा, थडगी त्यांच्या पूर्वजांची, खुर्ची मात्र परक्याची! अहमद कमाल हे इजिप्तचे आद्य इजिप्तविद्यातज्ज्ञ. तरुणांना शिकवा म्हणून ते मागे लागले, तेव्हा खात्याचे प्रमुख लाको म्हणाले, तुमच्या लोकांना यात रसच नाही. कमाल यांनी उलट विचारलं, पासष्ट वर्षं खातं तुमच्या हातात आहे, आम्हाला संधी कोणती दिलीत? १९२३ मध्ये ते गेले. प्रश्न अजून जिवंत आहे.

"अर्ज सगळ्यांना खुला आहे" हे कागदावर ठीक. पण इजिप्तच्या पोरानं आपल्याच पूर्वजांबद्दल वाचायचं तर आधी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन शिकायचं. मग ब्रिटनचा व्हिसा, वर आरोग्य अधिभार वर्षाला १०३५ पौंड. कैरोच्या पगारात भरून दाखवा! शर्यत एकच, पण एकाला शंभर मीटर, दुसऱ्याला मॅरेथॉन. आणि याला मेरिट म्हणायचं?

"आपल्याला काय त्याचं?" असंही कुणी विचारेल. २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा आपण फटाके वाजवले. ती लंडनच्या म्युझियमनं तीन वर्षांच्या बोलीवर दिलीयत, उसनी! त्या वेळी पोटात जे तुटलं, तेच कैरोतल्या माणसाचं रोज तुटतं.

वस्तू परत मागायलाच हव्यात. पण वस्तूचा अर्थ सांगायचा अधिकार ज्याच्या हाती, खरा मालक तोच. पपायरस परत करायला कायदा आडवा येतो म्हणे. फेलोशिपला कुठला कायदा आडवा येतोय, तेवढं सांगा.

पटलं नसेल तर कमेंटमध्ये या. शिव्या नकोत, मुद्दे आणा.