हरायला सांगलीला

सातारा ते सांगली हा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता जिंकणाऱ्यांचा आहे. वाटेत कराडला लागूनच गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच वर्षी मद्रासला भारताने पहिलीवहिली कसोटी जिंकली तेव्हा कप्तान होते विजय हजारे, जन्म सांगलीचा. स्मृती मानधना सांगलीत वाढलेली. इकडे साताऱ्याच्या आदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. असल्या रस्त्याने माझी मैत्रीण आणि मी उन्हाळ्यात गाडी काढतो ती बुद्धिबळात हरायला.

मी निवृत्त शिक्षिका, त्यातून गणिताची, त्यामुळे लोकांच्या अपेक्षा उगीचच मोठ्या. प्रत्यक्षात मला दोन चालींपुढचं दिसत नाही. मैत्रिणीला दिसतं, पण भलतंच. गाडी ती चालवते, आणि पटापेक्षा रस्त्यावर तिचा अंदाज कितीतरी चांगला आहे.

पहाटे निघायचं. तासवड्याचा टोलनाका गेला की थर्मास उघडायचा. कराडला वेळ असेल तर प्रीतिसंगमावर दहा मिनिटं थांबायचं. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा इथे समोरून येणाऱ्या कोयनेला भेटते आणि पुढे आमच्यासारखीच सांगलीला जाते. पेठ नाक्याला महामार्ग सोडला की दोन्ही बाजूंना ऊस, मग आष्टा, सांगलवाडी आणि आयर्विन पूल. बांधकाम १९२९चं, पावसाळ्यात ज्याच्यापाशी पाणी किती फुटांवर आलं ते अख्खा जिल्हा विचारतो तोच हा पूल. एवढ्या वेळात आमचं बुद्धिबळावर जेमतेम पाच मिनिटं बोलणं होतं. ती यूट्यूबवर एखादी नवी सुरुवात शिकून आलेली असते, ती मला सांगते आणि टोलनाक्यापर्यंत दोघीही विसरतो. बाकी गुडघे, सुना, विकायला काढलेला गावचा वाडा. घरात दोन तास सलग बोलू कोण देतं?

सांगलीलाच का, असं कुणी विचारत नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. इथले भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावं या खेळात उभ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच, वुमन ग्रँडमास्टर स्वाती घाटेही इथल्याच.

स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरलं की आम्ही आणि पंच सोडून बहुतेकांचे पाय जमिनीला टेकत नसतात. समोर बसलेला मुलगा पाण्याची बाटली नीट कोपऱ्यात ठेवतो, हात मिळवतो, घड्याळ दाबतो आणि माझी चाल होईपर्यंत इतर पटांवर फिरून येतो. मागे असाच एक जण डाव संपल्यावर समजुतीने म्हणाला, ‘‘आजी, हितं उंट आणला असता तर वाचला असता की वजीर.’’ खरंच वाचला असता. वर्गात फळ्याशी उभं राहून मी इतकी वर्षं जे बोलत आले, ते पहिल्यांदा ऐकून घेतलं.

या स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीने होतात. कुणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेले एकमेकांसमोर येतात. जिंकणारे जिंकणाऱ्यांशी, हरणारे हरणाऱ्यांशी. खेळाडू विषम संख्येत आले तर तळातल्या एकाला ‘बाय’ मिळतो, म्हणजे न खेळता अख्खा गुण. वाईट खेळणाऱ्याचा एवढा विचार करणारी दुसरी व्यवस्था मी पाहिलेली नाही. फक्त तिचा एक तोटा आहे. शून्य गुणांवरच्या दोन मैत्रिणी एके दिवशी समोरासमोर येणारच. आम्ही आलो. साताऱ्यात माझ्या ओट्यावर फुकट खेळता आलं असतं तो डाव, प्रवेश फी भरून, पेट्रोल जाळून, पंचांच्या देखरेखीखाली आम्ही सांगलीत खेळलो. प्रत्येकीला दीड तास आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद जादा. आम्ही ते सगळे वापरले. आजूबाजूचे पट आवरले, शिपाई पंखे बंद करू लागला. शेवटी तिच्याकडे एक वजीर जास्त होता, माझ्याकडे नुसता राजा. तिने वजीर अशा घरात नेऊन ठेवला की माझ्या राजाला शहही नाही आणि हलायला जागाही नाही. स्टेलमेट. अर्धा-अर्धा गुण. आष्ट्यापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. हरणं गोड लागतं असं कुणी म्हणत असेल तर तो खेळलेला नाही.

हॉलबाहेर मात्र वेगळा खेळ चाललेला असतो. आईबाप मोबाइलवर पुढच्या फेरीची जोडी शोधत असतात, अर्धा गुण घालवून आलेल्या पोराची उलटतपासणी सुरू असते. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. आमचं पोट या खेळावर नाही, म्हणून आम्हाला हसता येतं, हे मैत्रीण दर वेळी बजावते. पण आपल्याकडे खेळ म्हणजे दहावीच्या क्रीडागुणांची तरतूद, हे एकदा ठरलं की दहावीनंतर पट माळ्यावर जातो. चाळिशीत उरतं ते फक्त बघणं. भजनी मंडळात बेसूर गाणाऱ्याला कुणी ‘कितवा नंबर आला?’ विचारत नाही. त्याला टाळ देतात. खेळून आलेल्या बाईला मात्र दारातच विचारतात, ‘‘जिंकलात का?’’ आणि नाही म्हटलं की, ‘‘मग कशाला जाता?’’

जायला कारण लागू नये, हे माझं म्हणणं आहे. चांगलं खेळणं ही खेळायला जाण्याची अट नाही. तळातले आम्ही बसतो म्हणून स्विसच्या जोड्या पुऱ्या होतात, आणि बक्षिसांच्या रकमेत आमच्याही फीचा वाटा असतोच.

आयोजकांना एवढीच विनंती, की आमच्यासाठी वेगळी ढाल नको. पाठ टेकता येईल अशा खुर्च्या ठेवा आणि जाहिरातीत ‘पालकांनीही नाव नोंदवावे’ ही ओळ घाला. बाहेर ताटकळणाऱ्यांपैकी निम्मे तरी आत येतील. वाचकांमध्ये कुणी बिचकत असेल तर त्यांच्यासाठी फिडेचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा, नियम सांगते: रेटिंग नसलेल्या खेळाडूला पहिल्या स्पर्धेत एकही गुण मिळाला नाही, तर तो निकाल रेटिंगसाठी धरलाच जात नाही. तेव्हा नाव द्या.